उभ्या गाडीची उतरलेली बॅटरी



आपले बेट लहान. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत सुमारे ६५ किलोमीटर. सकाळी घरून निघालेला माणूस बेटाला वळसा घालूनही रात्री आपल्याच अंथरुणावर झोपतो. चार दिवस समुद्रकाठी राहावेसे वाटले तर आपण कांपमां भाड्याने घेतो, भांडीकुंडी घेऊन जातो आणि परत येतो. म्हणून चाकांवरचे घर, म्हणजेच मोटरघर, आपल्या रस्त्यांवर सहसा दिसत नाही. परंतु आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची मुले, भाचे, पुतणे आज इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आहेत. तिकडे मोठ्या व्हॅनमध्ये बिछाना, चूल, नळ, न्हाणी असे सारे बसवून लोक सुट्टीत गावोगाव फिरतात. आपल्या मंडळींपैकीही काहींनी अशी मोटरघरे घेतली आहेत.

हे मोटरघर वर्षातून काही महिनेच धावते. इंग्लंडात नोव्हेंबर लागला की पुष्कळ मालक ते घरासमोर किंवा भाड्याच्या आवारात उभे करून ठेवतात. नेमक्या त्याच दिवसांत, तिकडची थंडी चुकवून, आपली मंडळी आईवडिलांना भेटायला इकडे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जाऊन किल्ली फिरवतात, तेव्हा गाडी जागची हलत नाही. उलट जून-जुलैमध्ये आपण त्यांच्याकडे जातो आणि आपली लोटो इथे अंगणात उभी राहते. परत आल्यावर तीच तऱ्हा. तेव्हा हा प्रश्न समुद्राच्या दोन्ही बाजूंच्या घरांचा आहे. त्यात पैसा जातो, वेळ जातो, आणि घाईत काही भलते केले तर डोळाही जाऊ शकतो. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

गेल्या वर्षी इंग्लंडातून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, मोटरघरात आत दिवा लागतो, नळाला पाणी येते, छतावर सूर्यशक्तीचा पत्राही बसवला आहे. पण किल्ली फिरवली की नुसते टक् टक् होते. बॅटरी भरलेली असून गाडी सुरू का होत नाही?"

त्याच्या प्रश्नातच उत्तर होते. जिच्यावर दिवा लागतो ती बॅटरी वेगळी आणि जिच्यावर इंजिन सुरू होते ती वेगळी. मोटरघरात दोन निरनिराळ्या बॅटऱ्या असतात. एक घराची. दिवे, पाण्याचा पंप, पंखा यांना ती तासन्‌तास थोडी थोडी वीज पुरवते. दुसरी इंजिनाची. तिचे काम काही क्षणांचे, पण दांडगे. स्टार्टर फिरवण्यासाठी तिला दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर वीज द्यावी लागते. म्हणून तिच्या पोटात शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. घराच्या बॅटरीत, ती शिशाची असेल तर, पट्ट्या जाड असतात. एक शंभर मीटर धावणारा गडी, तर दुसरा दिवसभर शेतात राबणारा.

इंजिन चालू असते तेव्हा अल्टरनेटर दोघींनाही वीज देतो. इंजिन बंद झाले की एक रिले त्या दोघींना एकमेकींपासून तोडते. ही सोय मुद्दाम केलेली आहे. रात्रभर दिवे जाळून इंजिनाची बॅटरी संपू नये, हा तिचा हेतू. परंतु या सोयीचा दुसरा परिणाम मालकाच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ मोटरघरांत छतावरचा सूर्यपत्रा आणि घरच्या विजेवर चालणारा चार्जर हे दोन्ही फक्त घराच्या बॅटरीला वीज देतात. इंजिनाची बॅटरी उपाशीच राहते. भिंतीवरचा काटा "बॅटरी भरलेली" असे दाखवतो, तो बहुधा घराच्या बॅटरीचा असतो. मालक निश्चिंत होतो, आणि शेजारीच दुसरी बॅटरी रोज थोडी थोडी उतरत राहते.

वीज जाते कुठे?

कोणी म्हणेल, किल्ली काढली, दिवे बंद केले, मग वीज खाते कोण? चोरीची सूचना देणारा भोंगा, गाडी कुठे आहे हे कळवणारे यंत्र, घड्याळ, रेडिओची स्मरणशक्ती, किल्लीच्या बटणाची वाट पाहणारे कुलूप, हे सारे जागेच असतात. प्रत्येकाचा घास लहान असतो, परंतु जेवण चोवीस तास चालते.

शाळेत फळ्यावर मांडतो तसा हिशेब मांडू या. समजा, हे सर्व मिळून ३० मिलिअँपिअर वीज घेतात. एका दिवसाचे झाले ०.७२ अँपिअर-तास. तीस दिवसांचे २१.६. नव्वद दिवसांचे जवळजवळ ६५. मोटरघराच्या इंजिनाची बॅटरी समजा ९५ अँपिअर-तासांची आहे. म्हणजे तीन महिन्यांत तिचा दोन-तृतीयांश भाग गेला. भोंगा आणि शोधयंत्र मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील, तर नव्वद दिवसांचे १०८ होतात, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी पुरणार नाही. शिवाय काही न जोडताही शिशाची बॅटरी आपली आपण थोडी उतरतेच. बसून खाल्ले तर डोंगरही पुरत नाही, असे आपले वाडवडील म्हणत. उभ्या गाडीला ते अक्षरशः लागू आहे.

त्यात थंडीची भर. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. शून्याखाली १८ अंशांवर तर तिची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि त्याच वेळी इंजिनातील तेल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर लावावा लागतो. ज्या सकाळी बॅटरी सर्वांत दुबळी असते, त्याच सकाळी तिच्याकडून सर्वांत अधिक काम मागितले जाते.

बॅटरीच्या पोटात

शिशाची ही बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधून काढली. पुढे १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि हाताने दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचे दिवस हळूहळू संपले. त्यानंतर गाड्या कितीतरी बदलल्या, परंतु स्टार्टर फिरवणारी बॅटरी बहुतेक गाड्यांत अजून प्लांते यांच्याच जातीची आहे.

तिच्या आत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. वीज खर्च होते तेव्हा शिशाच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसते. लगेच चार्ज केले तर ते विरघळून जाते. परंतु बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, तर त्या सल्फेटचे कठीण खडे होतात. मग चार्जर कितीही वेळ लावा, ते पुरते निघत नाहीत. म्हणूनच "मार्चमध्ये गेल्यावर बघू" हे धोरण महाग पडते. एकदा उतरून लगेच भरलेली बॅटरी बहुधा वाचते, तीन महिने उतरून राहिलेली बहुधा वाचत नाही.

आणखी एक गोष्ट. भरलेल्या बॅटरीतील गंधकाम्ल कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत आम्ल पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरते, आणि ते शून्याखाली थोड्या अंशांवरच गोठू शकते. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या किंवा डबा तडकलेला असला, तर तिला चार्जर लावू नये, केबलही जोडू नये. ती बदलणेच बरे.

उतरलेली बॅटरी उठवताना

किल्लीचे बटण चालत नसेल तर घाबरू नये. बहुतेक किल्ल्यांत धातूचे पाते असते, त्याने चालकाचा दरवाजा उघडता येतो. नंतर बॅटरी शोधावी. ती बॉनेटखालीच असेल असे नाही. काही व्हॅनमध्ये ती चालकाच्या कक्षातील जमिनीखाली, पायांशी असते, आणि केबल जोडण्यासाठी बॉनेटखाली वेगळी टोके दिलेली असतात. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ती जागा चित्रासह दाखवलेली असते. हे पुस्तक गाडीतच ठेवावे.

मग मल्टिमीटरने व्होल्ट मोजावेत. बॅटरी काही तास स्वस्थ असावी, नुकतीच चार्ज केलेली नसावी. साधारण कोष्टक असे:

१२.६ किंवा अधिक – भरलेली.
१२.४ – पाऊण भरलेली. आता चार्ज करणे चांगले.
१२.२ – निम्मी.
१२.० – पाव.
११.८ च्या खाली – रिकामीच समजावी.

वीज जवळ असेल आणि घाई नसेल, तर चार्जर हाच उत्तम उपाय. चार्जर बॅटरीच्या क्षमतेच्या सुमारे एक-दशांश अँपिअरचा किंवा त्याहून लहान असावा. ९५ अँपिअर-तासांच्या रिकाम्या बॅटरीला ५ अँपिअरचा चार्जर लावला तर एक दिवस-रात्र तरी लागणारच. बॅटरी अगदीच खोल उतरली असेल, तर आजकालचे काही हुशार चार्जर तिला ओळखतच नाहीत आणि चालू होत नाहीत. अशा वेळी बॅटरी काढून जाणकार मेकॅनिककडे न्यावी.

ढकलून गाडी सुरू करण्याची आपली जुनी रीत इथे उपयोगाची नाही. साडेतीन टनांच्या घराला ढकलणार किती माणसे? स्वयंचलित गिअरची गाडी तर ढकलून सुरू होतच नाही, आणि नव्या इंजिनांतील इलेक्ट्रॉनिक मेंदूला जागे होण्यासाठीही थोडी वीज लागतेच.

"घराची बॅटरी शेजारीच भरलेली आहे, तिच्यावरूनच वीज घेतली तर?" असा विचार साहजिक आहे. परंतु ती बॅटरी शेकडो अँपिअर एकदम देण्यासाठी केलेली नसते. लिथियमची असेल तर तिचे संरक्षक यंत्र मध्येच वीज तोडते. गाडीच्या पुस्तकात तशी परवानगी असेल तरच हा मार्ग धरावा.

केबल जोडण्याचा क्रम

दुसऱ्या गाडीची मदत घ्यायची तर ती गाडीही १२ व्होल्टची असावी. मोठे ट्रक आणि बस पुष्कळदा २४ व्होल्टच्या असतात, त्यांची मदत घेऊ नये. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटवू नयेत. दोन्हींचे इंजिन, दिवे, पंखे बंद ठेवावेत. मग हा क्रम पाळावा:

पहिले, लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला.
दुसरे, त्याच केबलचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला.
तिसरे, काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला.
चौथे, काळ्या केबलचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला किंवा पुस्तकात दाखवलेल्या जागी, बॅटरीपासून दूर.

नंतर चांगली गाडी सुरू करून काही मिनिटे चालू ठेवावी आणि मग बंद गाडीची किल्ली फिरवावी. इंजिन सुरू झाले की केबली उलट क्रमाने काढाव्यात. मदतीला गाडीच नसेल, तर आजकाल हातात मावणारी लिथियमची स्टार्टर पेटी मिळते, तिनेही काम होते. ती आधी भरून ठेवायला मात्र विसरू नये.

चौथे टोक बॅटरीवर का लावायचे नाही, हे समजून घ्यावे, म्हणजे क्रम पाठ करावा लागणार नाही. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि हवेत तो शेकडा ४ इतका झाला तरी पेट घेऊ शकतो. आमच्या ओळखीच्या एका काकांनी घाईत शेवटचे टोक सरळ बॅटरीवर टेकवले. मोठा आवाज होऊन डबा फुटला आणि आम्ल तोंडावर उडाले. नाकावर चष्मा होता म्हणून डोळे वाचले. गालावरचा डाग अजून आहे. म्हणून डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, तोंडात विडी-सिगारेट नाही, आणि मोटरघरात तर स्वयंपाकाच्या गॅसची टाकीही आधी बंद केलेली असावी. डोळ्यात आम्ल गेलेच तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा.

इंजिन सुरू झाले म्हणजे सारे झाले असे नाही. अर्ध्या तासाच्या फेरीत रिकामी बॅटरी भरत नाही. घरी आल्यावर तिला चार्जर लावावाच. पूर्ण चार्ज करून चार्जर काढल्यावर एक रात्र थांबावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. व्होल्ट १२.४ च्याही खाली आले असतील, तर बॅटरीचे आयुष्य बहुधा संपले आहे. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, तिच्यात शिसे आणि आम्ल आहे. नवी घेताना दुकानदाराकडे द्यावी.

आधीची काळजी

आता तहान लागण्याआधी विहीर कशी खणावी ते पाहू. मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग: वीज जवळ असेल, तर इंजिनाच्या बॅटरीला तिचा स्वतंत्र, आपोआप चालू-बंद होणारा चार्जर लावणे. किंवा घराची बॅटरी भरली की उरलेली वीज इंजिनाच्या बॅटरीकडे वळवणारे छोटे यंत्र मेकॅनिककडून बसवून घेणे. माझ्या भावाने हेच केले.

दुसरा मार्ग: इंजिनाच्या बॅटरीसाठी वेगळा छोटा सूर्यपत्रा, रेग्युलेटरसह. पण इंग्लंडच्या डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, सूर्य खाली आणि आभाळ भरलेले. आपल्या उन्हात जो पत्रा भरपूर वीज देईल, तो तिथे रोजचा खर्चही जेमतेम भागवील. म्हणून पत्रा बेताचा नको, थोडा मोठा घ्यावा.

तिसरा मार्ग: बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवणे. सोडवताना ऋण टोक आधी, जोडताना ऋण टोक शेवटी, कारण धन टोकावर काम करताना पाना गाडीच्या अंगाला लागला तर मोठी ठिणगी उडते. हा उपाय फुकटचा आणि खात्रीचा आहे. फक्त तीन गोष्टी आधी पाहाव्यात. रेडिओचा सांकेतिक अंक लिहून ठेवला आहे का? कुलूप पुन्हा किल्लीच्या पात्याने उघडेल का? आणि विमा कंपनीने भोंगा व शोधयंत्र सतत चालू ठेवण्याची अट घातली आहे का? तशी अट असेल तर टोक सोडवण्याआधी कंपनीला विचारावे. इंजिन चालू असताना मात्र बॅटरीचे टोक कधीही काढू नये. अल्टरनेटरचा दाब एकदम चढून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

काहीजण शेजाऱ्याला किल्ली देऊन सांगतात, "आठवड्यातून दहा मिनिटे इंजिन चालू करा." शेजाऱ्याचे उपकार होतात, बॅटरीचे फारसे नाही. जागच्या जागी मंद चालणाऱ्या इंजिनाचा अल्टरनेटर वीज थोडीच देतो, आणि इंजिन पुरते तापत नसल्याने आत ओल साठते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी तासभर रस्त्यावर फिरवली तर टायरांनाही बरे.

आपल्या अंगणातील गाडी

हे सर्व आपल्या लोटोलाही लागू आहे, फरक फक्त हवामानाचा. इथे शत्रू थंडी नव्हे, उष्णता आहे. उष्ण हवेत बॅटरी लवकर उतरते आणि लवकर म्हातारी होते. क्युरपिप-वाक्वाच्या गारव्यात ती जितकी टिकेल, तितकी पोर्ट लुईच्या किंवा ब्लॅक रिव्हरच्या उन्हात टिकेलच असे नाही. म्हणून गाडी सावलीत उभी करावी. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी खाऱ्या हवेमुळे टोकांवर जमणारी पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, कोरडी करावी आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे.

दोन-तीन महिन्यांसाठी परदेशी जाताना रिकाम्या घरात चार्जर चालू ठेवून जाणे मला योग्य वाटत नाही. वादळाच्या दिवसांत वीज गेली तर तो बंदही पडतो. बॅटरी पूर्ण भरावी, ऋण टोक सोडवून कापडात गुंडाळावे आणि निघावे. घरी वृद्ध आईवडील राहणार असतील आणि रात्री-अपरात्री त्यांच्यासाठी तीच गाडी लागणार असेल, तर मात्र टोक सोडवू नये. एखाद्या भाच्या-पुतण्याला आठवड्यातून एकदा ती चांगली तासभर फिरवायला सांगावे. रुग्णालयात जाण्याच्या वेळी पाना शोधत बसणे नको.

प्रवासाला निघताना आपण नळ बंद करतो, गॅस बंद करतो, कुलूप दोनदा ओढून पाहतो. त्या यादीत "गाडीची बॅटरी" हे दोन शब्द आजच लिहून ठेवावेत. आणि मुले डिसेंबरात घरी आली की पहिल्या चहाबरोबर त्यांनाही विचारावे, "बाळा, तिकडे मोटरघर उभे करून आलास, त्याच्या इंजिनाच्या बॅटरीला वीज कोण देतो?"